वॉकओव्हर न दिलेला माणूस

फुटबॉलचे एकूण 17 नियम आहेत. त्यातला अकरावा ऑफसाइडचा. मैदानावर, टपरीवर आणि टीव्हीसमोर जी भांडणं होतात ती बहुतेक या अकराव्यावरून. आमच्या सोयगावच्या कोचना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ऑफसाइड व्हायला आधी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात शिरावं लागतं, आणि तिथवर त्यांची पोरं सणासुदीलाच जातात. कोचचा जीव गुंतलाय तिसऱ्या नियमात. संघात अकरा खेळाडू असावेत, पण सातापेक्षा कमी असतील तर सामना खेळवू नये, असं तो नियम सांगतो. बाकीच्या जगानं त्यातला अकराचा आकडा वाचला, कोचनी साताचा. "सात आले की आपण खेळणार," ते म्हणतात. "आठवा आला तर तो देवानं पाठवला."

कोच म्हणजे नक्की कोण, असं सोयगावात जाऊन विचारू नका. तालुक्याच्या प्रत्येक गावाला असा एक माणूस असतो. कुठं तो कबड्डीचा असतो, कुठं व्हॉलीबॉलचा, कुठं तालमीचा. तारुण्यात थोडंफार खेळलेला, पुढं पोटापाण्याला लागलेला, आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडणारा. मी सांगतोय तो तीन-चार जणांना एकत्र करून बनवलेला आहे, म्हणजे त्यातल्या एकानंही माझ्या दारात येऊन भांडू नये. भांडायला आले तर चौघं मिळून येतील, आणि आणखी तीन मिळाले की त्यांचा संघ होईल.

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण जिल्ह्याचं ठिकाण घाट चढून शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळं बाजार पाचोरा-शेंदुर्णीचा, मोठा दवाखाना जळगावचा, बोली निम्मी खानदेशी, आणि फक्त कोर्टकचेरीची कामं मराठवाड्यात. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. जपानपासून फ्रान्सपर्यंतची माणसं फर्दापूरला उतरतात, लेणी बघतात आणि आली तशी परत जातात. सोयगावला कुणी येत नाही. वेताळवाडीचा किल्ला बघायला येतात ती पुण्या-मुंबईची ट्रेकवाली पोरं, तीही घाईत. कोचचं म्हणणं, फुटबॉलचंही असंच झालं. जगातल्या दोनशेहून जास्त देशांत गेला, गोव्याला गेला, कोल्हापूरला गेला, संभाजीनगरच्या आमखास मैदानापर्यंत आला, आणि घाट उतरायच्या वेळेला त्याला अंधार पडला.

कोचची खेळाडू म्हणून कारकीर्द आमखास मैदानावरच झाली. नागसेनवनातल्या कॉलेजात शिकायला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पुरा हवा भरलेला बॉल पाहिला. जागा लेफ्ट बॅकची. विद्यापीठाच्या संघातही निवड झाली होती, पण राखीव म्हणून. दोन हंगाम ते मैदानाबाहेर प्रशिक्षकाच्या शेजारी बसून होते. खेळायचं राहिलं, पण प्रशिक्षक कधी चिडतो, कधी पाणी मागतो, हरल्यावर पत्रकाराला काय सांगतो, हे सगळं त्यांनी इतक्या जवळून बघितलं की डिग्री घेऊन परतताना ते खेळाडू राहिलेच नव्हते. कोच होऊनच घाट उतरले.

खेळाडू आणि कोच यांच्या मधल्या भागाला ते 'गुडघा' म्हणतात. "गुडघा गेला नसता तर..." हे वाक्य त्यांनी आजवर कधी पूर्ण केलं नाही. ऐकणाऱ्यानं आपल्या कुवतीप्रमाणं करावं. कुणी ते महाराष्ट्राच्या संघापर्यंत नेतं, कुणी संतोष ट्रॉफीपर्यंत. कोच मान खाली घालून ऐकतात आणि दुरुस्ती करत नाहीत. एकदा त्यांच्या सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पोळ्याला बैलानं लाथ मारली तव्हा गेला गुडघा. शिंगं रंगवायला घेतली होती. मी होते ना तिथं." कोच म्हणाले, "त्याच्या आधीच तो निम्मा गेलेला होता." त्या म्हणाल्या, "निम्मा व्हता म्हणून तर बैलाला उरला."

त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. दुकानाच्या काउंटरवर बीटी कपाशीची पाकिटं मांडून ते डावपेच समजावतात. चार मागं, चार मधे, दोन पुढं, आणि गोलात युरियाची रिकामी गोणी घडी करून. मी एकदा बसलो होतो तेव्हा त्यांनी अर्धा तास खपून उजव्या बाजूनं हल्ला कसा उभा करायचा ते दाखवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्यानं नेमकी तीच दोन पाकिटं उचलली. कोचनी पैसे घेतले, पावती फाडली, आणि रिकाम्या जागेकडं बघत म्हणाले, "युरोपात यालाच ट्रान्स्फर म्हणतात. फरक इतकाच की तिथं क्लबाला फायदा होतो. बियाण्यात काय मार्जिन ऱ्हायलं आता?"

भिंतीवर दोन तसबिरी. एक लक्ष्मीची, दुसरी सय्यद अब्दुल रहीम यांची, वर्तमानपत्रातून कापलेली. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशानं शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांनी घडवला आणि भारताचा संघही. 1951ला दिल्लीत आशियाई सुवर्णपदक, 1956ला मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, 1962ला जकार्त्यात पुन्हा सुवर्ण, आणि 1963ला कर्करोगानं गेले. अजय देवगणचा 'मैदान' आला तेव्हा लोकांना ते कळले. कोचना आधीपासून माहीत होते, आणि नुसते माहीत नव्हते, घरचे होते. कारण 1956 सालच्या नोव्हेंबरपर्यंत आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. कोचचा हिशेब सरळ आहे. 1951चं सुवर्ण आपलं. मेलबर्नची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात झाली, तोवर आपण नुकतेच मुंबई राज्यात गेलेलो, म्हणून तो चौथा नंबर सामायिक. 1962च्या सुवर्णात आपला हिस्सा धरायचा नाही, "पण तेरवीला बोलावतात तेवढं नातं तर ऱ्हातंच ना?"

1962च्या फायनलची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकावी. जर्नेलसिंग हा बचावातला खेळाडू. आधीच्या सामन्यात डोकं फुटलेलं, टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवायचं सोडून पुढं फॉरवर्डला नेलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल मारला. भारत 2-1नं जिंकला. या एका गोष्टीनं सोयगाव तालुक्यातल्या कितीतरी पोरांचं नुकसान केलंय. कुणाला ताप असला, कुणाच्या पायाला पट्टी असली, की कोच त्याला उचलून फॉरवर्डला टाकतात. पोरं म्हणतात, "सर, पळवत नाही." कोच म्हणतात, "जर्नेलला पळवत होतं का?" जर्नेल कोण हे पोरांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, आधीच्या बॅचचा कुणी असेल, आता पुण्याला कंपनीत लागलेला.

आता इथल्या फुटबॉलची जडणघडण सांगायला पाहिजे. काळी जमीन. जुलै-ऑगस्टात मैदानात पाय टाकला की बूट मैदानातच राहतो आणि पोरगं पुढं जातं. दिवाळीनंतर तीच जमीन भेगाळते. कडेनं बाभळी. बॉल बाहेर गेला की तो परत येईपर्यंत सगळे श्वास रोखून उभे, कारण एक काटा लागला की हंगाम संपला. म्हणून कोचच्या शिकवणीत पहिला धडा असा, की बॉल बाभळीच्या बाजूला मारायचा नाही. बाभळी डावीकडं. त्यामुळं त्यांचा संघ पिढ्यान् पिढ्या उजवीकडूनच खेळतो. बाहेरच्या संघांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि ते आपले सगळे चांगले गडी तिकडं लावतात. कोचच्या मते हा प्रतिस्पर्ध्याचा भित्रेपणा.

पोरं जमवणं हे खरं काम. फुटबॉल शिकवणं त्याच्या मानानं काहीच नाही. कापूस वेचणीचे दिवस आणि शालेय स्पर्धांचा उत्तरार्ध एकाच वेळी येतो, आणि दोन्हींना हात लागतात तेच. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कोच मोटारसायकल काढून वस्त्या फिरतात. एका घरी मी सोबत होतो. पोराचे वडील ओट्यावर काट्याला गाठोडं लावत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "कोचभाऊ, उद्या नेतान म्हनता. वेचायला कोन येईल मंग?"

"नाना, एक दिवसाचा प्रश्न आहे."

"मागच्या टायमाला बी एक दिवस म्हनले व्हते. पोरगं दोन दिवस लंगडत व्हतं."

"दहावीला खेळाचे गुण मिळतील त्याला."

इथं नाना थांबले. "किती?"

"ते पुढच्या लेव्हलला गेलं की मिळतात."

"मंग जाता का पुढच्या लेव्हलला?"

कोचनी आजवर अनेक अवघड प्रश्न अंगावर घेतलेत, पण या प्रश्नापाशी ते नेहमी गाडी गिअरमध्ये घालतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे त्यांनी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "कापसाला भाव सांगा भो, बाकीचं ऱ्हाऊ द्या." शेवटी तह झाला. पोरगं पहाटे उठून दोन सरी वेचील, मग सामन्याला जाईल, आणि येताना कोच दुकानातून एक औषधाची बाटली उधारीत देतील. कोचच्या संघात एकही व्यावसायिक खेळाडू नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं त्यांची उधारीची वही बघावी.

गोलकीपर हे त्यांचं कायमचं दुखणं. गोलात उभं राहायला कुणी तयार नसतं. पळायला मिळत नाही, शिव्या मात्र सगळ्यांच्या वाट्याच्या खायला मिळतात. अशा वेळी कोच फर्ग्युसनसाहेबांचा दाखला देतात. ॲलेक्स फर्ग्युसन 1974 साली, वयाच्या 32व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या ईस्ट स्टर्लिंगशर नावाच्या तळातल्या क्लबात मॅनेजर झाला, तेव्हा संघात एकही गोलकीपर नव्हता. तिथून निघून पुढं त्यानं मँचेस्टर युनायटेडला सव्वीस वर्षं काढली. पालकसभेत कोचनी ही गोष्ट रंगवून सांगितली. सभा संपल्यावर एक गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी हात जोडून विचारलं, की पुण्याच्या फर्ग्युसनला पोराचं ॲडमिशन होईल का, कोचची ओळख दिसते.

अखेर गोलकीपर सापडला तो कबड्डीत. कबड्डीचे गुरुजी हे कोचचे जुने मित्र आणि त्याहून जुने शत्रू. 2014ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि गुरुजींचे दिवस पालटले. आधी दोघंही सारखेच दुर्लक्षित होते, एकाच टपरीवर बसून शासनाला नावं ठेवत. आता पोरं टीव्हीत बघून मांडीवर थाप मारायला लागली, आणि गुरुजींना रेडर निवडता येऊ लागले. कोचना त्यांच्याकडून नको असलेला गडी मिळतो. हा असाच एक. उजव्या कोपऱ्यातला, अंगानं दणकट, पण चढाईला गेला की रेषा विसरणारा. झेप मात्र अशी, की बघणाऱ्यानं टोपी काढावी. पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल अडवले. तिसऱ्या वेळी समोरचा फॉरवर्ड त्याला हुलकावणी देऊन बाजूनं निघाला, आणि आमच्या गोलकीपरनं बॉलकडं ढुंकूनही न बघता त्याचा घोटा पकडला. नुसता पकडला नाही, मागं ओढून मधल्या रेषेपासून दूर नेला आणि "आउट!" म्हणून ओरडला. रेफरीनं पेनल्टी दिली, लाल कार्ड दाखवलं, आणि मग बराच वेळ पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. प्रेक्षकांत गुरुजी होते. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण त्यांच्या मते ती पकड निर्दोष होती.

2017 हे कोचच्या कारकिर्दीतलं सुवर्णवर्ष. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरायचा होता, नवी मुंबईत सामने होणार होते, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या निमित्तानं 15 सप्टेंबरला राज्य सरकारनं 'महाराष्ट्र मिशन 1-मिलियन' काढलं. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना सरकारी बॉल आले. ज्या माणसाला मुख्याध्यापक वर्षभर ओळख दाखवत नव्हते त्याला त्या आठवड्यात चार शाळांतून बोलावणं आलं. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की या बॉलमध्ये हवा कशी भरायची. कोच हातात पंप आणि खिशात सुई घेऊन गावोगाव फिरले. त्या दिवशी एकेका बॉलमागं शंभर पोरं धावली. कुणी हातानं उचलून पळालं, कुणी डोक्यावर घेऊन बसलं. कोचना भरून आलं. त्यांनी शिट्टी फुंकली, ती कुणालाच ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी बॉल कपाटात गेले, कारण ते स्टॉक रजिस्टरला चढले होते, आणि रजिस्टरला चढलेल्या वस्तूला काटा लागला तर जबाबदार कोण?

त्याच हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. शेतकरी मेटाकुटीला आले, दुकानाची उधारी बुडाली, आणि संघाला मात्र जर्सी मिळाल्या. एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं कोचच्या दुकानात पडून असलेला प्रचाराचा माल 'तुमच्या पोरांना घाला' म्हणून दिला. रंग गुलाबी. पाठीवर मोठ्या अक्षरात 'बोंडअळीचा कर्दनकाळ'. पाठीवर नंबर घालायला जागाच उरली नव्हती, म्हणून कोचनी तो मार्करनं पोटावर घातला. मैदानात अकरा कर्दनकाळ उतरले की समोरचे खेळाडू आधी वाचून घेत. घाटावरच्या प्रेक्षकांनी नाव मात्र उलटं पाडलं, 'बोंडअळी इलेव्हन'. कोच चिडले नाहीत. बोंडअळीचा नायनाट अजून कुणाला जमलेला नाही, हे ते औषधं विकत असल्यामुळं चांगलं जाणून आहेत.

एकदा ते कोल्हापूरला जाऊन आले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना बघितला. पेठाच्या पेठा गॅलरीत लोटलेल्या, हलग्या, झेंडे, म्हाताऱ्या माणसांची रेफरीला उद्देशून भाषणं. परत आल्यावर आठवडाभर कोच गप्प होते. मला वाटलं, गर्दी बघून खचले. तसं नव्हतं. "तिथं राखीव खेळाडू असतात," ते हळूच म्हणाले. "बाकावर बसलेले. खेळायला मिळत नाही म्हणून रुसलेले. मी मोजत बसलो होतो भो त्यांना. सामना बघायचा राह्यला."

लायसन्सचं प्रकरणही एकदा झालं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला पायऱ्या चढाव्या लागतात. डी, मग सी, मग बी, मग ए, आणि वर प्रो. कोच डीच्या वर्गाला जाऊन आले. तिथं त्यांच्या मुलाच्या वयाच्या शिक्षकानं सांगितलं, की सरावात प्रत्येक मुलाला एक बॉल असावा. कोचनी वहीत लिहून घेतलं आणि पुढं कंसात लिहिलं, 'प्रत्येक बॉलला एक मूल असले तरी चालेल काय?' सीचा वर्ग तूर खरेदीच्या धामधुमीत आला, म्हणून राहिला.

त्यांना खरा धीर आला तो 2025च्या ऑगस्टात. खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. सावियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला. त्या दिवशी सोयगावात पेढे वाटणारा माणूस एकच होता, आणि लोकांनी "नातू झाला का?" विचारून ते खाल्ले. कोचना खालिद जमील पाठ आहेत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. दुखापतींनी खेळ संपला, तर 2009ला त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं त्या संघानं एकही मोठा चषक जिंकला नाही, पण आय-लीगमधून एकदाही खाली घसरला नाही. मग ऐजॉलला गेले. तो संघ आदल्या हंगामात घसरलेला, गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतलं म्हणून परत घेतलेला. त्याला त्यांनी पहिल्याच हंगामात 2017चं विजेतेपद मिळवून दिलं. जगाला ऐजॉल आवडतं. कोचना मधली सात वर्षं आवडतात. "जिंकणं कुणालाही समजतं," ते म्हणाले. "दरसाल न घसरणं, हे फक्त ज्यानं केलंय त्याला समजतं." आणि मग त्यांनी आपला मुख्य दावा मांडला, जो ते लग्नातही मांडतात आणि दहाव्यालाही. इतक्या वर्षांत आपल्या संघानं वॉकओव्हर दिलेला नाही. हरलो असू. पण आलो नाही, असं कुणी म्हणणार नाही.

हे खरं आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्या वहीत आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हराची, दुकानातल्या औषधांचा वास लागलेली. प्रत्येक सामन्याला एक ओळ. रकाने चार. तारीख, विरुद्ध, निकाल, कारण. निकालाचा रकाना अरुंद आखलाय आणि त्यातली अक्षरं डॉक्टरांच्या चिठ्ठीतली वाटावीत इतकी गिचमीड. कारणाचा रकाना मात्र प्रशस्त, अक्षर मोत्यासारखं. 'वारा पहिल्या हाफात विरुद्ध, दुसऱ्या हाफात थांबला.' 'पोळा.' 'रेफरी उपवासाचा.' 'मैदानास उतार, आम्ही चढाकडे.' 'सेंटर फॉरवर्डच्या बहिणीस पाहुणे बघायला आले.' 'केळीची गाडी भरायची होती, चार खेळाडू तिकडे.' 'समोरचा संघ चांगला होता.' या शेवटच्या कारणापुढं प्रश्नचिन्ह आहे.

मागच्या थंडीतली ओळ बघायला मी मुद्दाम गेलो, कारण तो सामना मी स्वतः पाहिला होता. घाटावरच्या एका गावी खुली स्पर्धा होती. कोचनी नऊ जणांची कबुली घेतली होती. सकाळी काळीपिवळीत बसले आठ. घाटाच्या तिसऱ्या वळणावर लेफ्ट बॅकला उलट्या सुरू झाल्या, तो उतरून उलट दिशेच्या गाडीनं घरी गेला, आणि त्याची समजूत घालायला गेलेला त्याचा चुलतभाऊही त्याच गाडीत चढला. मैदानावर पोचले सहा. आयोजकांचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "काका, वॉकओव्हर लिहू का?"

कोचनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पेन खिशात ठेवलं. मग त्यांनी पिशवीतून गुलाबी जर्सी काढली आणि शर्टावरूनच चढवली. पोट मधे आल्यानं मार्करचा 3 ताणून 8सारखा दिसू लागला. रेफरीनं विचारलं, "हे कोण?"

"लेफ्ट बॅक," कोच म्हणाले.

"वय?"

"खुली स्पर्धा आहे ना?"

सात विरुद्ध अकरा. सामन्याआधी कोचनी पोरांना गोल उभं केलं. डावपेच एकच होता आणि तो सगळा गोलकीपरसाठी होता. "हे बघ, आपण सातच आहोत. तुला लाल कार्ड मिळालं की सहा. सहा झाले की सामना बंद. गोल खा. दहा खा, पंधरा खा. पण कुणाचा पाय धरलास तर याद राख."

गोलकीपरनं पहिल्या हाफात हात पाठीमागं बांधून सहा गोल खाल्ले. कोच डाव्या कोपऱ्यात उभे होते. धावायचा प्रश्न नव्हता, कारण गुडघा बाराव्या मिनिटालाच बोलू लागला होता. बाहेर जाता येत नव्हतं, कारण बाहेर गेले की सहा. समोरचा राइट विंगर विशीतला होता. पहिल्यांदा तो त्यांच्या बाजूनं गेला तेव्हा त्यानं "सॉरी काका" म्हटलं. नंतर म्हणायचं सोडून दिलं. एकदाच बॉल आपणहून घरंगळत कोचच्या पायाशी आला. त्यांनी तो थांबवला, मान वर केली, पुरा सामना बघितला, आणि नेहमीच्या सवयीनं उजवीकडं मारला. उजवीकडं कुणी नव्हतं. बाभळीही नव्हत्या.

शेवटच्या मिनिटांत समोरच्यांचा फॉरवर्ड एकटा आत शिरला. गोलकीपरला हुलकावणी देऊन बाजूनं निघाला, आणि पोराचे दोन्ही हात आपोआप घोट्याकडं झेपावले. डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, "हात!" पोरानं हात वर केले. गोल झाला. नववा. कोचनी टाळ्या वाजवल्या. प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू थांबून बघत राहिले, की हा माणूस नक्की कुणाच्या बाजूनं आहे. लांब शिट्टी वाजली तेव्हा कोच पहिल्यांदा खाली बसले आणि आयोजकांच्या माणसाला जवळ बोलावून म्हणाले, "आता काढ पेन. लिही, सामना झाला."

वहीत त्या ओळीचा निकाल मला वाचता आला नाही. कारणाच्या रकान्यात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'लेफ्ट बॅक फार कच्चा. बदलणे.'